जहाजाचे छप्पर : जुन्या लाकडी डेकची दुरुस्ती

लाकडी जहाजाचा शत्रू कोण, असा प्रश्न विचारला तर बहुतेक माणसे समुद्राकडे बोट दाखवतील. लाटांचा मारा, पाण्याखालचे खडक, तळाचे लाकूड पोखरणारे कृमी ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु जुन्या जहाजांच्या दुरुस्तीत ज्यांची हयात गेली आहे असे सुतार याच प्रश्नाला निराळे उत्तर देतात. ते आकाशाकडे बोट दाखवतात. जहाज बुडते ते खालून शिरलेल्या पाण्याने, हे खरे. पण ते म्हातारे होते आणि मरते ते बहुधा वरून झिरपलेल्या पाण्याने.

याचे कारण कूज कशी लागते ते पाहिले म्हणजे ध्यानात येते. लाकूड कुजते म्हणजे एक प्रकारची बुरशी ते खाते. या बुरशीला जगण्यासाठी हवा लागते, माफक ऊब लागते आणि ओलावा लागतो. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून कमी असेल तर बुरशीला तेथे थारा मिळत नाही. उलट लाकूड सर्वस्वी पाण्यात बुडालेले असेल तर तिला हवा मिळत नाही. त्यातून ते पाणी खारे असेल तर मीठही तिच्या वाढीला विरोध करते. म्हणून पाण्याखाली कायम भिजणारा जहाजाचा तळ कुजण्याच्या दृष्टीने पुष्कळसा सुरक्षित असतो. पावसाचे पाणी मात्र गोडे असते. ते अधूनमधून येते, फटीत शिरते, जेथे वारा पोचत नाही अशा कोपऱ्यात साचून राहते आणि लाकडाला ना धड भिजू देते ना धड वाळू देते. बुरशीला हवी असते ती नेमकी हीच स्थिती. जुन्या काळी अमेरिकेतील जहाजबांधणी करणारे कारागीर जहाजाच्या फासळ्यांमधील पोकळीत मीठ भरून ठेवीत, त्यामागे हेच ज्ञान होते. खलाशी दररोज सकाळी समुद्राचे पाणी ओतून डेक धूत, त्याचाही लाभ लाकडाला मिळत असे.

डेक म्हणजे जहाजाची वरची जमीन. तिच्यावर माणसे वावरतात, दोर ओढले जातात, माल ठेवला जातो. परंतु ती नुसती जमीन नव्हे. खालच्या सर्व भागांच्या दृष्टीने ती छप्पर असते. याशिवाय तिसरेही एक काम ती करते. जहाजाच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून फाकू नयेत किंवा आत दबू नयेत म्हणून त्यांना बांधून ठेवणारा ताण डेकच्या तुळयांनी आणि फळ्यांनी पेललेला असतो. घराचे छप्पर, जमीन आणि आढे ही तिन्ही कामे एकाच लाकडी पृष्ठभागाकडून करून घ्यावयाची आणि तो पृष्ठभाग सतत हलत, मुरडत असताना करून घ्यावयाची, ही खरी अडचण आहे.

डेकची रचना तत्त्वतः साधी असते. जहाजाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडव्या तुळया घातलेल्या असतात. त्या मधोमध किंचित उंच असतात, त्यामुळे डेकला पाठीसारखा बाक येतो आणि पाणी दोन्ही कडांकडे वाहून जाते. या तुळयांवर नाळेपासून सुकाणूपर्यंत लांबच लांब फळ्या एकमेकींना लगटून ठोकलेल्या असतात. दोन फळ्यांच्या कडा वरच्या अंगाला किंचित तासलेल्या असतात, म्हणून त्यांच्यामध्ये वर रुंद आणि खाली अरुंद अशी खाच तयार होते. सणाच्या जुन्या दोरांचे तंतू उकलून, डांबरात माखून ते या खाचेत बोथट छिन्नीने आणि लाकडी मोगरीने ठासून बसवतात व त्यांवर तापवलेले डांबर ओततात. केरळातील बेपूर येथे उरू नावाची मोठी लाकडी जहाजे बांधली जातात. तेथे सणाऐवजी तेलात भिजवलेला कापूस वापरण्याची पद्धत आहे. साहित्य निराळे, पण युक्ती एकच. पाणी लागले की फळ्या फुगतात, त्यांच्यामधील तंतू दाबले जातात आणि सांधा घट्ट होतो. डेक पाण्याला अडवतो तो पाण्याच्याच साहाय्याने.

सांध्यांचे हे काम केवढे मोठे असते याची कल्पना एका हिशेबाने येईल. ४० फूट रुंदीच्या डेकवर ५ इंच रुंदीच्या फळ्या घातल्या तर जवळजवळ शंभर सांधे पडतात. जहाज दीडशे फूट लांब असेल तर, ते दोन्ही टोकांना निमुळते होत असले तरी, सांध्यांची एकूण लांबी कित्येक हजार फूट भरते. यांपैकी कोणत्याही एका वीतभर जागेत तंतू सैल पडले की तेथून पाणी आत येते.

फळी कशी कापली आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. आणि तेही सर्व दिशांनी सारखे नाही. खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ते कमी आटते, वार्षिक वलयांना समांतर अशा दिशेने सुमारे दुप्पट आटते. ओले सागवान पूर्णपणे सुकवले तर पहिल्या दिशेने सुमारे अडीच टक्के आणि दुसऱ्या दिशेने सुमारे सहा टक्के आटते. अमेरिकेतील पांढऱ्या ओकच्या बाबतीत हे आकडे साडेपाच आणि साडेदहा टक्क्यांच्या घरात जातात. म्हणजे ५ इंची फळी सागाची असून वलये उभी राहतील अशी कापलेली असेल तर दोन टोकांच्या अवस्थांमधला फरक सुमारे ३ मिलिमीटर पडेल. तीच फळी ओकची आणि आडव्या वलयांची असेल तर तो १३ मिलिमीटरपर्यंत जाईल. प्रत्यक्ष डेकवर लाकूड इतक्या टोकाला कधी जात नाही, तरी प्रमाण तेच राहते. सागाच्या अंगी आणखीही गुण आहेत. त्याच्यातील तेलकट द्रव्यांमुळे पाणी त्यात सावकाश मुरते, वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि लोखंडी खिळ्यांशी त्याचे वैर नाही. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात व खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून भुसभुशीत होते. सागात तो खिळा दीर्घकाळ शाबूत राहतो.

हा फरक इतिहासाने एका विलक्षण तऱ्हेने पारखून दाखवला आहे. १८१२ साली ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या गोदीत एक फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, बांधून घेण्याचे ठरवले. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडमधील ओकचे लाकूड दुर्मिळ झाले होते आणि मुंबईच्या गोदीची धुरा वाहणाऱ्या वाडिया घराण्याच्या कामाचा लौकिक लंडनपर्यंत पोचला होता. नव्या जहाजाचे नकाशे ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेबरोबर हिंदुस्थानाकडे पाठवण्यात आले. परंतु त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या नौकेने ‘जावा’चा पराभव केला. निकामी झालेली ‘जावा’ जाळून टाकण्यात आली व नकाशे तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत यावयास वेळ लागला. अखेर जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१६ साली जहाजाचा कणा मांडण्यात आला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. मलबारच्या सागवानाचे हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. त्याचे नाव ‘ट्रिंकोमाली’.

याच धर्तीच्या नकाशांवरून, काही फेरफार करून, इंग्लंडमधील चॅथम येथे ‘युनिकॉर्न’ हे फ्रिगेट बांधण्यात आले व १८२४ साली ते पाण्यात उतरले. म्हणजे ‘ट्रिंकोमाली’ आणि ‘युनिकॉर्न’ या सख्ख्या बहिणीच. एक सागाची, एक ओकची. आश्चर्य असे की या दोन्ही आजही पाण्यावर तरंगत आहेत. ‘जावा’ला हरवणारी ‘कॉन्स्टिट्यूशन’ही बॉस्टन येथे तरंगत आहे. पण तिघींच्या दीर्घायुष्याची कारणे सर्वस्वी भिन्न आहेत आणि डेकच्या दुरुस्तीचा विचार करणाऱ्याने ती मुद्दाम लक्षात घ्यावीत अशी आहेत.

‘युनिकॉर्न’ला युद्ध कधी पाहावेच लागले नाही. ती तयार झाली तेव्हा शांततेचा काळ होता, म्हणून तिला डोलकाठ्या न उभारता राखीव ठेवले गेले आणि वरच्या डेकवर घरासारखे उतरते लाकडी छप्पर घालण्यात आले. पुढे १८७३ मध्ये ती स्कॉटलंडमधील डंडी बंदरात आली, तेव्हाही छप्पर तसेच होते, आजही आहे. ओकसारखे पावसाला भिणारे लाकूड दोनशे वर्षे टिकले ते या छपरामुळे. डेक हे जहाजाचे छप्पर असेल, तर त्या छपरावर दुसरे छप्पर घालणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय होय, एवढे तरी या जहाजाने सिद्ध केले आहे.

‘कॉन्स्टिट्यूशन’चा मार्ग याच्या उलट होता. ती उघड्या आभाळाखाली राहिली, तिची वारंवार दुरुस्ती झाली, कुजलेले ते काढून नवे घालण्यात आले. २००७ ते २०१० या काळात तिच्या सर्वांत वरच्या डेकच्या फळ्या पुन्हा बदलण्यात आल्या. १७९७ साली पाण्यात उतरलेल्या या नौकेत मूळचे लाकूड आता सुमारे दहा ते पंधरा टक्केच उरले आहे, असे मानले जाते.

आणि ‘ट्रिंकोमाली’? तिने पंचवीसएक वर्षे राखीव म्हणून काढली, मग अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांत नोकरी केली, नंतर मुलांना नौकानयन शिकवणारे जहाज म्हणून तिचा उपयोग झाला. १८९७ साली तिला मोडीत काढण्यासाठी विकले गेले होते. एका हौशी गृहस्थाने ती विकत घेतली म्हणून ती वाचली आणि १९८६ पर्यंत ‘फुद्रोयाँ’ या दुसऱ्याच नावाने शिक्षणाचे काम करीत राहिली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे १९९० मध्ये तिच्या जीर्णोद्धारास प्रारंभ झाला व २००१ मध्ये तो पूर्ण झाला. इतक्या उन्हापावसानंतरही जहाजाच्या मूळ सांगाड्यापैकी साठ टक्क्यांहून अधिक लाकूड शाबूत असल्याचे सांगितले जाते. मुंबईच्या सुतारांचे कसब यात आहेच, पण मलबारच्या जंगलाचाही वाटा लहान नाही.

जुन्या डेकची तपासणी हा दुरुस्तीतील सर्वांत कठीण भाग आहे. करवत चालवणे त्या मानाने सोपे असते. पहिली गोष्ट ही की पाणी ज्या ठिकाणी खाली ठिबकते त्या ठिकाणी ते वरून आत आलेले असेलच असे नाही. फळीखालून आत शिरलेला थेंब तुळईच्या कडेने वाहत जातो आणि पाच-सहा हात दूर जाऊन गळतो. म्हणून पावसाच्या दिवशी दिवा आणि खडू घेऊन डेकच्या खाली उतरावे लागते व गळणाऱ्या प्रत्येक जागेची खूण करून तिचा नकाशा काढावा लागतो. पाऊस नसेल तर डेकच्या लहान लहान भागांभोवती ओल्या कापडाचे बांध घालून त्यात पाणी साठवतात. हे काम नेहमी कडेच्या, म्हणजे सखल भागापासून सुरू करून मध्याकडे नेतात. नाहीतर वर ओतलेले पाणी खाली वाहत येऊन सगळाच हिशेब चुकवते.

यानंतर लाकडी मोगरीने फळ्या वाजवून पाहतात. निरोगी फळीचा आवाज खणखणीत येतो, आतून गेलेली फळी ठस्स वाजते. संशय आल्यास टोचा खुपसून पाहतात. निरोगी लाकडात टोचा अडतो आणि बाहेर काढताना तंतू ताणले जातात. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. वरची फळी मात्र पुष्कळदा फसवते. ऊन आणि वारा तिला कोरडी ठेवतात, त्यामुळे ती वरून ठणठणीत दिसते आणि तिच्या खालच्या अंगाला, तुळईला टेकलेल्या पट्टीत, कूज पसरलेली असते. सर्वांत धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तुळयांची टोके जेथे जहाजाच्या बाजूंना मिळतात ती जागा, डोलकाठीच्या भोवतालची जागा, खाली उतरण्याच्या द्वारांचे कोपरे, कठड्याचे खांब जेथे डेकमधून आरपार जातात ती भोके आणि पाणी बाहेर सोडणाऱ्या मोऱ्यांचा परिसर. या सर्व ठिकाणी लाकडाचा आडवा छेद उघडा असतो. फळीच्या बाजूने जेवढे पाणी शिरते त्याच्या कितीतरी पट पाणी तिच्या कापलेल्या टोकातून शिरते, कारण झाडाने पाणी वाहून नेण्यासाठी केलेल्या नळ्यांची तोंडे तेथे उघडी पडलेली असतात.

तपासणीचा निष्कर्ष काय निघतो यावर पुढचे सर्व अवलंबून असते. तुळया धड असतील आणि केवळ सांधे गळत असतील तर जुने तंतू खरवडून काढून नवे ठासले की भागते. येथेही एक मोह आवरावा लागतो. छिन्नी-मोगरी हाती आली की गळणारा सांधा अधिकाधिक ठासून भरावासा वाटतो. परंतु शंभर सांध्यांपैकी प्रत्येकात दिलेला अधिकचा दाब एकत्र होऊन जहाजाच्या बाजूंवर पडतो, आणि पहिल्या पावसात फळ्या फुगल्या की कडेची जाड फळी आपल्या जागेवरून सरकते. जुने कारागीर छिन्नीच्या आवाजावरून किती ठासावयाचे ते ठरवीत. ते प्रमाण कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, आणि असे कान असलेली माणसे आता थोडी उरली आहेत.

एखाददुसऱ्या फळीचाच भाग खराब असेल तर तेवढा चौकोनी खाचेने कापून काढून त्याच जातीच्या, तेवढ्याच वाळलेल्या लाकडाचा तुकडा तेथे बसवतात. कापडाला ठिगळ लावताना उभ्या-आडव्या धाग्यांचा मेळ पाहतात, तसाच येथे रेषांचा मेळ पाहावा लागतो. पूर्ण फळी बदलावयाची झाल्यास तिचा जोड नेहमी तुळईवरच यावा लागतो, आणि शेजारच्या फळीचा जोड त्याच तुळईवर येऊ नये असा दंडक आहे. मध्ये किमान तीन अखंड फळ्या गेल्यानंतरच त्या तुळईवर पुन्हा जोड घेतात. हा दंडक मोडला तर डेक त्या रेषेवर दुबळा होतो.

परंतु फळ्या सर्वत्र झिजून पातळ झाल्या असतील तर ठिगळांनी निभाव लागत नाही. झीज हा स्वतंत्रच विषय आहे. पाश्चात्त्य नौदलांत वालुकाश्माचे ठोकळे घेऊन, वाळू आणि पाणी टाकून डेक घासण्याची प्रथा होती. खलाशी गुडघ्यांवर बसून तासन्‌तास हे काम करीत. डेक पांढरा शुभ्र दिसे, पण दर घासणीबरोबर लाकूड कमी होई. १९३१ साली अमेरिकेच्या नौदलाने या प्रथेवर निर्बंध घातला, कारण फळ्या बदलण्याचा खर्च डोईजड होऊ लागला होता. स्वच्छतेच्या शिस्तीने जहाजाचे केलेले नुकसान काही वेळा वादळाहून अधिक असते. फळी झिजली की तिच्यात खोल बसवलेल्या स्क्रूवरची लाकडी बुचे पातळ होऊन निखळतात आणि स्क्रूची डोकी उघडी पडतात. सांध्याची खाचही उथळ होते, तिच्यात तंतू धरत नाहीत. या दोन खुणा दिसू लागल्या म्हणजे डेक बदलण्याची वेळ आली असे समजावे.

ही वेळ पुढे ढकलण्यासाठी सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे जुन्या डेकवर अखंड आच्छादन घालणे. पूर्वी रंगात भिजवलेले कॅनव्हास ताणून बसवीत. अलीकडे काचतंतू आणि राळ यांचा कडक थर देतात. निरोगी आणि न हलणाऱ्या पृष्ठभागावर हा थर उत्तम काम देतो. परंतु जुन्या फळ्या ऋतूनुसार फुगतात आणि आटतात, थर मात्र तसे करू शकत नाही. त्याला बारीक तडा जातो, तड्यातून पाणी खाली शिरते आणि मग बाहेर पडण्याची वाट त्याला उरत नाही. वरून डेक नवा कोरा दिसत असताना थोड्याच वर्षांत खालच्या तुळया गेलेल्या असतात. फळ्या बदलून भागले असते तेथे तुळयांसकट सर्व बदलण्याची पाळी येते. अनेक लहान नौका याच ‘दुरुस्ती’ने कामातून गेल्या आहेत.

छप्पर घालणे आणि गुंडाळून ठेवणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नौका वर ओढून झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवण्याची रीत जुनी आहे. झापांखालून वारा खेळता राहतो. त्यांच्या जागी आलेले प्लास्टिकचे कापड पाऊस अधिक चांगला अडवते, पण नौकेला चारी बाजूंनी घट्ट लपेटून टाकल्यास आतला दमट वारा कोंडतो आणि बुरशीला आयते घर मिळते. ‘युनिकॉर्न’चे छप्पर उपयोगी पडले ते त्याच्याखाली हवा खेळती होती म्हणून.

डेक बदलण्याचा निर्णय झाला की लाकडाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो नवा नाही. मलबारमधील साग गोदींसाठी इतक्या झपाट्याने तोडला जात होता की त्याचा पुरवठा राखण्यासाठी १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांना तेथे वनसंरक्षक नेमण्यात आले. त्यांच्या कडक मक्तेदारीविरुद्ध लोकांत व व्यापाऱ्यांत असंतोष माजला आणि १८२३ मध्ये ते पदच रद्द झाले. १८४०च्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी कोनोली यांनी चातू मेनन यांच्या साहाय्याने निलंबूर येथे सागाची लागवड सुरू केली. तिचा एक भाग कोनोलींच्या नावाने आजही राखून ठेवला आहे. जहाजांसाठी लावलेली ही झाडे जून होण्याच्या आतच नौदले लोखंडाकडे वळली, ही गोष्ट वेगळी. तथापि लोखंडी जहाजांवरही सागाच्या फळ्यांचे डेक पुढे दीर्घकाळ घातले जात होते, कारण लोखंडी पत्रा उन्हात तापतो आणि ओला झाला की पाय घसरतो.

पुढे डेकसाठी लागणारे उत्तम सागवान मुख्यतः ब्रह्मदेशातून येऊ लागले. ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि २०२१ मधील लष्करी उठावानंतर अमेरिका व युरोपीय संघ यांनी तेथील सरकारी लाकूड-उद्योगावर निर्बंध लादले. लागवडीचा साग मिळतो. परंतु लवकर तोडलेल्या कोवळ्या झाडाच्या लाकडात तेल कमी असते आणि सरळ, लांब, उभ्या वलयांच्या फळ्या त्यातून थोड्याच निघतात. त्यामुळे डग्लस फरसारखे सरळ रेषांचे लाकूड किंवा रासायनिक प्रक्रियेने टिकाऊ केलेले पाइन अनेक ठिकाणी वापरले जाते. लहान नौकांवर जलरोधक प्लायवूडचा अखंड थर चिकटवून त्याच्यावर सागाच्या पातळ पट्ट्या बसवतात व सांध्यांत रबरासारखे लवचिक द्रव्य भरतात. असा डेक वर्षानुवर्षे गळत नाही. मात्र त्यात पाणी अडवण्याचे काम प्लायवूड करते, साग केवळ पायांखाली येतो. ऐतिहासिक जहाजावर ही पद्धत स्वीकारावी की नाही याविषयी मतभेद आहेत. जुनी रीत पाळली तर गळतीचा धोका पत्करावा लागतो आणि ती रीत जाणणारे कारागीर सांभाळावे लागतात. नवी रीत स्वीकारली तर खालच्या दोनशे वर्षांच्या तुळया कोरड्या राहतात. मूळच्या तुळया शाबूत असतील तर त्यांना कोरडे ठेवणे अधिक महत्त्वाचे मानावे, कारण फळ्या पुन्हा घालता येतात. त्या तुळया पुन्हा मिळत नाहीत.

नव्या फळ्या घालताना घाई चालत नाही. लाकूड ज्या हवेत राहणार त्या हवेत ते आधी मुरवावे लागते. फार ओले लाकूड घातले तर उन्हाळ्यात सांधे उघडतात. भट्टीत फार सुकवलेले घातले तर पावसात ते इतके फुगते की फळ्या तुळयांवरून उचलल्या जातात. फळ्या कडेच्या गोलाईला जेथे तिरक्या भिडतात तेथे त्यांची टोके सुरीच्या पात्यासारखी निमुळती ठेवीत नाहीत, कारण तशा पातळ टोकाशी तंतू ठासता येत नाहीत आणि ते टोक फाटते. त्याऐवजी कडेच्या रुंद फळीत पायऱ्यांसारख्या खाचा करून प्रत्येक फळीचे बोथट टोक त्यांत बसवतात. पाहणाऱ्याला ही नक्षी वाटते. प्रत्येक छेदाला रंगाचा किंवा तेलाचा हात दिल्याखेरीज तो झाकला जात नाही, आणि स्क्रूवरचे बूच त्याच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर येतील असेच ठोकले जाते. आडवे ठोकलेले बूच फळीबरोबर आटत-फुगत नाही व सुटते.

काम पूर्ण झाल्यावरही पहिले वर्ष परीक्षेचे असते. फळ्या आपापल्या जागी रुळतात, काही सांधे घट्ट होतात, काहींमधील डांबर एका कडेने सुटते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याखेरीज कोणते सांधे पुन्हा भरावे लागतील हे सांगता येत नाही. म्हणून नव्या डेकवर पहिला मोठा पाऊस कोसळू लागला की त्याचा सुतार पुन्हा खडू आणि दिवा घेऊन खाली उतरतो व प्रत्येक तुळईवर हात फिरवून पाहतो.